फाटकं जाळं आणि तपासणीची सकाळ

माहीमच्या किनाऱ्याला खेटून असलेल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी हितेंद्र. परळच्या ऑफिसात हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हता. नुसत्या बाता मारणाऱ्यांतला तर नव्हताच. तीन महिने दर रविवारी स्वतः वाकून कचरा उचलला होता त्यांनी.

यंदा चौपाट्यांसाठी 'स्वच्छ किनारा' पुरस्कार निघाला होता. आज दहाला तपासणीवाले येणार होते. नवाच्या आत हितेंद्रनी वाळू अशी चकाचक केली की पाय ठेवायला भीती वाटावी. कचऱ्याची गाडी भरून कोपऱ्यावर उभी.

तेवढ्यात कोळीवाड्यातली गुणवंती आली आणि वाळूकडे बघतच राहिली.

"ओ सेक्रेटरी, माजं जालं कुठंय?"

"कसलं जाळं, मावशी?"

"हितं पसरलेलं. हिरवं."

हितेंद्रनी वळून कचऱ्याच्या गाडीकडे बघितलं. "ते जाळं होतं? अहो, फाटकं होतं ते! मला वाटलं, कुणी टाकून दिलंय."

"फाटलंय म्हनून तर शिवायला काढलं! अर्धं शिवलं नि चहा प्यायला घरी गेले. वर चार दगड ठेवलेले, ते नाय दिसले? कचऱ्यावर कोन दगड ठेवतंय?"

"दगड पण उचलले आम्ही," हितेंद्र हळूच बोलले. "आणि वास मारत होतं हो..."

"मग काय मोगऱ्याचा वास येनार? उद्या पोरगा होडी काढनार हाय. पान्यात काय तुमचं सर्टिफिकेट टाकू?"

दोघं गाडीकडे पळाले. हितेंद्र स्वतः वर चढले. जाळं पार तळाला. ओढलं तशा वरच्या पिशव्या फुटल्या. सडके हार, थर्माकोल, प्लास्टिकच्या प्लेटा. त्यातच एक पत्रिका. सोसायटीच्या पूजेची! खाली नाव कुणाचं? हितेंद्रचंच!

"ह्या पिशव्या कुनाच्या?" गुणवंतीनं खालून विचारलं.

"आमच्याच दिसतायत."

"तुम्ही पुलावरून खाडीत सोडता. भरतीला त्या माज्या जाल्यात येतात. भार होतो नि जालं फाटतं. मग फाटलेलं जालं तुम्ही कचरा म्हनून उचलता. मला सांगा, घान कुनी केली?"

हितेंद्रनी ती पत्रिका पुन्हा उलटून बघितली. तीन महिने आपण साफ करत होतो की आपलंच आपण गोळा करत होतो? मग बक्षीस कशाचं?

जाळं वाळूवर आलं आणि तपासणीवाल्या मॅडम पण आल्या. दहाच्या आधीच! चकाचक वाळूच्या मधोमध ओलं, वास मारणारं जाळं. सोसायटीचा खजिनदार सौमित्र कानात कुजबुजला, "काका, आत टाका परत. दहा मिनिटांचा प्रश्न आहे!"

मॅडमनी विचारलं, "हा कचरा राहिलाय का?"

गुणवंतीनं जाळ्याचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"नाही मॅडम," हितेंद्र बोलले. "हे यांचं जाळं आहे. आज मीच कचरा समजून गाडीत टाकलं. खरा कचरा त्या पिशव्यांत आहे. आमच्या सोसायटीचा."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मार्क कापले की वाढवले, हितेंद्रना कळलं नाही. सौमित्र तर तोंड फिरवून निघूनच गेला.

"उभे काय राहिलात?" गुणवंती ओरडली. "धरा तिकडचं टोक! शिवायला ताठ लागतं."

हितेंद्र ग्लोव्ह्ज काढून खाली बसले.

मंडळी, किनारा साफ पाहिजेच. बक्षीस मिळालं तर अजून मस्त. पण उचलायच्या आधी एकदा विचारा, हे कुणाचं आहे? त्यावर कुणाचं पोट चालत असेल. आणि ती निर्माल्याची पिशवी कुणाची, हे तर विचारायची पण गरज नाही. ती आपलीच आहे. ती आपण पाण्यात टाकायची नाही!