पट्टीतले चार मिलिमीटर

देविदास राठोडच्या वसमतच्या कारखान्यात फ्रेमवर दोरा ताणून धरला होता आणि दोऱ्याखालून उजेड दिसत होता.

फ्रेम आठ फुटी होती. तिच्या दोन टोकांना दोन जाड पट्ट्या वेल्डिंगनं बसवलेल्या. या पट्ट्यांवर बेअरिंगं बसायची, त्यांतून शाफ्ट जायचा आणि शाफ्टवर हळद पॉलिश करायचा ड्रम फिरायचा. पट्ट्या एका पातळीत नसल्या तर शाफ्ट अडतो. मागच्या साली हट्टा गावाला दिलेल्या मशीननं एका हंगामात तीन बेअरिंगं खाल्ली होती. आता कुरुंद्याच्या शेतकऱ्यांची हळद शिजून खळ्यात वाळत होती. पंधरा दिवसांत हे मशीन तिथं उभं राहायला हवं होतं.

"किसनकाका, दोन मिलिमीटर वाकली की!" देविदास म्हणाला. "तीस वर्सं वेल्डिंग करून राहिले ना तुमी?"

"लोखंड हाय ते. तापलं की वढणारच," किसनसिंग म्हणाला. "चढवा प्लेनरवर, घासून सरळ करा."

"घासायला काय ठेवलं तुमी? पट्टी सोळाची लावली. घासून सोळा राह्यला पायजे व्हती."

"कागदावर व्हतं ते लावलं."

"कागद कंप्युटरचा हाय. कंप्युटर चुकत न्हाई."

कारखान्याची ड्रॉइंगं काढणाऱ्या प्रेमाबाई केबिनच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि त्यांनी कंप्युटरवर फाईल उघडली.

दोन कागदांची पद्धत त्यांचीच होती. वेल्डिंगनं लोखंड वाकणारच, तर पट्टी आधी वीस मिलिमीटरची लावायची आणि जोडणी झाल्यावर घासून सोळावर आणायची. म्हणून कंप्युटरवर एक फाईल नुसत्या जोडलेल्या फ्रेमची आणि तिच्यावरूनच घेतलेली दुसरी, घासून तयार झालेल्या फ्रेमची. देविदासनं एका मशीनपुरतं ऐकलं होतं. "जमलं तर बराबर," तो म्हणाला होता, "न्हाई तर घण हाय, फटीत घालायला पत्रा हाय, आन ड्रॉइंगचं काम नांदेडला देतो."

पडद्यावर दोन्ही फ्रेमा जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. वेल्डिंगची फाईल मंगळवारची, घासणीची शनिवारची. प्रेमाबाईंनी किसनसिंगला शनिवारची छापून दिली होती.

का, तेही त्यांना लगेच कळलं. पाटबंधारे खात्यात त्यांनी एकतीस वर्षं कालव्यांचे नकाशे उतरवले होते. काचेचं टेबल, खालून दिवा, ट्रेसिंग कापडावर काळी शाई, अमोनियाचा नाकात जाणारा वास. तिथला नियम एकच. ताज्या तारखेचा नकाशा खरा. जुन्यावर 'रद्द' असा शिक्का मारून तो कपाटात टाकायचा. हात अजून त्याच नियमानं चालत होता. इथं मात्र जुनी फाईल रद्द झालेली नव्हती. ती आधीची पायरी होती.

बाहेर देविदासचा आवाज चढत होता. किसनसिंगच्या खिशातला तो कागद ग्रीसनं काळा झाला होता. कुणी उलगडूनही पाहणार नव्हतं. प्रेमाबाई उठल्या.

"देविदास, त्यांना बोलू नको. चूक माझी आहे. घासल्यानंतरचा कागद मी वेल्डिंगला दिला."

देविदासनं हातातला दोरा सोडला. मग म्हणाला, "आता काहून सांगता, बाई? जाऊ द्या. पत्रा घालू, बोल्ट आवळू, रंग मारू."

"हट्ट्याचंही रंग मारूनच दिलं होतंस."

किसनसिंगनं चष्मा कपाळावर चढवला. "बाई, तुमच्या हापिसात चुकलं तर काय करायचे?"

"ब्लेडनं शाई खरवडायची."

"मंग आमी ग्राइंडरनं खरवडतो. दोन दिवस लागतील."

"दोन दिवसच," देविदास बोट नाचवत म्हणाला. "तिसऱ्या दिवशी घण."

किसनसिंगनं जुन्या पट्ट्या कापून काढायला घेतल्या, तशा प्रेमाबाई कंप्युटरपुढे बसल्या. पहिल्या फाईलमध्ये पट्टी वीसची आहे हे दोनदा तपासलं, चार मिलिमीटरची घासणी फक्त दुसरीत ठेवली. फाईलींना नावं दिली, 'एक जोडणी' आणि 'दोन घासणी'. तेवढ्यानं समाधान झालं नाही. स्वतःच्या हातावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. त्यांनी जोडणीचा कागद पिवळा ठरवला आणि घासणीचा पांढरा.

"हळदीचा कागद!" किसनसिंग हसला.

"हसा. पण पट्टी कापायच्या आधी आकडा मोठ्यानं वाचा."

"वीस."

"परत."

"वीस, बाई! शाळेत मास्तरानं एवढं छळलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी फ्रेम थंड झाली. दोरा ताणला. या वेळी ती उलट्या बाजूला वाकली होती, अडीच मिलिमीटर.

"घ्या," देविदास म्हणाला. "आणू का घण?"

"वाकू दे. त्याच्यासाठीच वीस घेतलीय," प्रेमाबाई म्हणाल्या. आवाज स्थिर ठेवायला त्यांना पदर मुठीत धरावा लागला.

फ्रेम प्लेनरवर चढली. पहिल्या फेरीत हत्यार एका पट्टीच्या नुसत्या कडेला लागलं. दुसऱ्या फेरीत अर्धी पट्टी उजळली. पाचव्या फेरीनंतर लांबच्या कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग उरला, आणि मोजलं तर घासायला तीनच दशांश मिलिमीटर शिल्लक. देविदासनं प्रेमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. हत्यार पुन्हा गेलं, केसासारखा बारीक कीस उडाला आणि डाग गेला.

बेअरिंगं बसवून शाफ्ट घातला. किसनसिंगनं तळहातानं एक ढकल दिली. शाफ्ट फिरला, हात काढल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहिला, आणि तिघंही त्याच्याकडे बघत उभी होती.

"बाई," देविदास शेवटी म्हणाला, "चाळणीच्या फ्रेमचे पण असेच दोन कागद काढा. उद्या बसा."

"उद्या कशाला?" म्हणत प्रेमाबाई केबिनकडे वळल्या. "माप दे, आत्ताच बसते."