एकसष्ट ते सत्तर

मी कवळ्या बनवते. बावीस वर्षं झाली. डॉक्टर माप घेतात आणि नाव कमावतात, तोंडात जे बसतं ते मी बनवलेलं असतं, आणि हे कुणाच्याही तोंडावर सांगायला मी भीत नाही. तेच तर नडलं.

झालं असं, की शहरातल्या सगळ्यात मोठ्या डेंटल लॅबने मला बोलावलं. चाचणी म्हणून एका खऱ्या पेशंटच्या जबड्याचा साचा हातात दिला नि म्हणाले, मेणात दात लावून दाखवा. मी म्हटलं, आधी या बाईंचा जुना फोटो आणा. मॅनेजरसाहेब चक्रावले. हे गृहस्थ आदल्या वर्षापर्यंत फरशा विकायचे. दात आणि फरशी यांत त्यांच्या लेखी फरक एवढाच, की दात लहान असतात. बरं, फोटो आला. पेशंट म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, बघितल्यावर आपण होऊन ताठ बसावं अशा. पण पुढचा एक दात किंचित तिरपा, शेजारच्यावर रेललेला. मी तो तसाच लावला. सगळे दात कवायतीसारखे सरळ उभे केले की माणूस भलताच कुणीतरी दिसायला लागतो, हे मला कुणी शिकवायला नको.

चार दिवसांत ऑफर आली. महिना पंचेचाळीस हजार आणि हुद्दा प्रमुख कारागिराचा. मी इतकी हरखले, की त्याच दिवशी जुन्या लॅबचा राजीनामा देऊन मोकळी झाले. मग नव्या लॅबमधला एक कारागीर भेटला, जो माझ्या हाताखाली काम करणार होता. भला माणूस. बोलता बोलता म्हणाला, "ताई, मला साठ देतात, तुम्हाला तर ऐंशीच्या पुढे असतील ना?"

मी घरी आले आणि ईमेल लिहिला. कसली भाषणबाजी नाही, दोन ओळी. हाताखालच्या माणसाला साठ आहेत, तेव्हा मलाही निदान साठ द्यावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर. "आपल्या अपेक्षा आमच्या संस्थेच्या चौकटीत बसत नाहीत. सबब देऊ केलेली नोकरी मागे घेण्यात येत आहे."

सबब म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली. नाही म्हणा, घासाघीस करा, पन्नास म्हणा. पण नुसतं विचारलं म्हणून ताट ओढून घ्यायचं? आग विझल्यावर भीती वाटायला लागली. जुन्या लॅबने माझ्या टेबलावर दुसरीला बसवलंही होतं.

नवरा म्हणाला, "जन्मभर लोकांची तोंडं नीट करतेस, स्वतःचं जरा आवरलं असतंस तर?"

"तू गप्प बस रे," सासूबाई आतून कडाडल्या. "मागितलंच ना तिने? चोरलं तर नाही!"

त्या माझ्या बाजूने बोलल्या आणि मला रडूच फुटलं. कारण नवरा म्हणत होता तेच मीही मनात म्हणत होते. पंधरा दिवस मी सहा ठिकाणी फिरले. सगळीकडे चहा मिळाला, काम नाही. साठ मागायची माझी लायकीच नव्हती, असं आता खरंच वाटायला लागलं होतं.

सोळाव्या दिवशी मॅनेजरसाहेबांचा फोन. आवाजात साखर घोळलेली. मी लावलेले मेणातले दात हेडबाईंना तोंडात बसवून दाखवले होते, आणि त्या म्हणे पाच मिनिटं आरसा खाली ठेवेनात. पण नोकरी रद्द झाल्यावर साहेबांनी ते काम दुसऱ्याकडून पुरं करून घेतलं, आणि त्या शहाण्याने तिरपा दात ही माझी चूक समजून तो सरळ केला. पक्की कवळी तोंडात गेली, हेडबाईंनी आरसा बघितला, कवळी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे कुणाचे दात आहेत?"

हेडबाईंचे डॉक्टर तर त्याहून भडकले. लॅबला निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. पहिले दात लावणारी आणा, नाहीतर उद्यापासून माझी कामं दुसरीकडे, असं त्यांनी बजावलं होतं. नोकरी देऊन मागे घेतल्याचं त्यांना नि हेडबाईंनाही कळलं होतं.

"तुम्ही दवाखान्यात या," साहेब म्हणाले. "मीही पोचतो. पगाराचं डॉक्टरांसमोरच बोलून टाकू."

मी गेले, पण हेडबाईंसाठी. मेणात नव्याने दात लावले, तोंडात बसवले आणि त्यांना एकसष्टपासून आकडे म्हणायला सांगितलं. आमच्यात ही जुनी चाचणी आहे. दात चुकीच्या जागी असला, तर एवढ्या सगळ्या 'स' आणि 'ष'मध्ये कुठेतरी शिट्टी वाजतेच.

"एकसष्ट," हेडबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बासष्ट."

शिट्टी वाजली. "अजून थोडं वर घेते," मी म्हटलं, आणि मेण मऊ करायला सुरी दिव्यावर धरली.

"घ्या, घ्या," डॉक्टर म्हणाले. "इथे तडजोड नको."

"त्रेसष्ट. चौसष्ट."

"अजून वर जायला हवं."

"पासष्ट!"

धाडकन दार उघडलं. मॅनेजरसाहेब घामाघूम. "डॉक्टर, मी बाहेरून सगळं ऐकलंय. पासष्ट मान्य! पण आता बास!"

मला काही कळेना. पण मध्येच तोंड घालणाऱ्याला हेडबाईंनी चाळीस वर्षांत कधी भीक घातली नव्हती. त्यांनी त्याच्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "सहासष्ट."

"अहो बाई, तुम्ही कशाला मध्ये..."

"सदुसष्ट. अडुसष्ट."

"ठीक आहे, अडुसष्ट!"

"एकोणसत्तर. सत्तर." हेडबाई थांबल्या. शिट्टी कुठेच नव्हती.

"सत्तर हजार!" साहेबांनी कपाळ पुसलं. "दिले. पण याच्या पुढे एक रुपया नाही, मालक मला घरी बसवतील."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर मास्कच्या आत हसून गदगदत होते. मी हसू दाबलं. मग वाटलं, नको, खोट्यावर उभं राहायचं नाही. मी सुरी खाली ठेवली आणि सांगितलं, "साहेब, ही दातांची चाचणी चालली होती. पगाराचा विषयच निघाला नव्हता."

साहेबांनी रुमाल खिशात कोंबला. ओशाळं हसून म्हणाले, "मग... आपण पुन्हा पंचेचाळीसपासून बोलू या का?"

खुर्चीतून हेडबाईंचा आवाज आला, एक अक्षरही न घसरता. "दिलेला शब्द मागे घ्यायची सवयच आहे वाटतं यांना?"

डॉक्टरांनी आपला लेटरहेड साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं, हेडबाईंकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे बघितलं. मी नजर हटवली नाही. त्यांनी सत्तर हजार लिहिले, आकड्यात आणि अक्षरी.

मी मागितले होते साठच. वरचे दहा नको म्हणण्याइतका मोठेपणा माझ्यात नाही. मी सही केली, पूर्ण नावाची, आणि कागद पर्समध्ये घालून चेन लावली.