देवघरातली बॅटरी

गाडी वसुधाची. मला चालवता येत नाही. ती गेल्यापासून गाडी राऊ गावातल्या आमच्या घरापुढे कव्हर घालून उभी आहे. आमची मुलगी स्वानंदी पुण्याहून फोनवर म्हणते, "बाबा, विकून टाका." मी म्हणतो, बघू.

मेकॅनिक हरीने सांगितलं होतं, गाडी उभीच ठेवायची तर बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. पूर्ण उतरून पडून राहिली तर ती कामातून जाते. थंड जागा म्हणून मी देवघराची खोली निवडली. नुसत्या फरशीवर ठेवायला मन होईना, म्हणून वसुधाचा जेवणाचा पाट खाली घेतला. तिथेच तिच्या फोटोपुढे दिवा असतो. वर्षश्राद्धापर्यंत तो जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलेलं.

त्या सकाळी बॅटरीची झाकणं उघडली. पाणी थोडं कमी वाटलं. चार्जर लावला आणि डिस्टिल्ड वॉटर आणायला हरीच्या दुकानात गेलो.

"चार्जिंगला लावून आलात? कुठे?"

"देवघरात."

"खिडकी उघडी आहे ना?"

"दिवा जाईल म्हणून बंद ठेवतो."

हरीने पाना खाली ठेवला. "काकाजी, उसमें से गॅस निकलती है. ज्योत लागली तर बॅटरी फुटेल. चला, बसा मागे."

मोटरसायकलवर बसून मी वरच्या मजल्यावरच्या अनुश्रीला फोन लावत होतो. तिची मुलं शाळेत गेली की नाही, आठवेना. फोन वाजत राहिला. सिग्नलला थांबलो तेव्हा मी पुन्हा नंबर लावायला लागलो. हरी म्हणाला, "घट्ट धरा, नाहीतर आधी तुम्हालाच उचलायला लागेल."

घरी पोचताच त्याने मीटरपाशी मेन स्विच पाडला. "ठिणगी नको उडायला. इथेच थांबा."

मी थांबलो नाही. देवघराचं दार उघडलं. आंबूस वास आला. आत अंधार होता.

दिवा गेला होता. निरांजन कोरडं पडलं होतं. सकाळभर बॅटरीशी खुडबुड करत बसलो आणि तेल घालायचं पहिल्यांदाच विसरलो.

हरीने खिडकी उघडली. "बच गए, काकाजी."

त्याने बॅटरी गॅलरीत नेली, मागोमाग पाटही.

मी तेल ओतलं, नवी वात घातली आणि काडेपेटी हातात धरून फोटोपुढे बसलो.

"आता लावू?"

"रुको, काकाजी," हरी गॅलरीतून म्हणाला. "अभी नहीं. मी आहे इथे."