तुळशीचं पाणी

रझाकारांच्या धास्तीनं पुसेगावात दिवसाढवळ्या कड्या लागू लागल्या, तेव्हा गोदूबाईनं अंगणातल्या वृंदावनातली तुळस कुंडीत काढून माजघरात आणली. नवरा ग्यानबा पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात गेलेला, दोन महिने खबर नाही. बसवेना म्हणून ती उठायची आणि तुळशीला मूठभर लेंडीखत घालायची. कधी कधी दिवसातून दोनदा.

श्रावणात पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरा थर धरला. तांड्यावरची सोमली सरपण घेऊन आली, तिनं कुंडी न्याहाळली.

"उपाशी न्हाई बाई, हिला जास्त झालंय. बाहेर असती तर पावसानंच धुतली असती. आता बुडातून वाहीपर्यंत पाणी घाला, तीनदा. खताचा खार निघून जाईल."

गोदूबाईनं पाणी घातलं. पण तुळशीचं पाणी पायदळी येऊ नये म्हणून तिनं खाली परात ठेवली, आणि साचलेलं लालसर पाणी पुन्हा कुंडीतच ओतलं. आठ दिवसांत तुळस आणखी वाळली.

सोमली वैतागली. "निघालेला खार परत काहून पाजून राहिल्या?"

"मग सांडू कुठं? पाय पडतील."

"तिचं वृंदावन रिकामंच हाय की बाहेर."

गोदूबाई कितीतरी वेळ कडीकडं बघत राहिली. मग तिनं दार उघडलं, कुंडीत नवं पाणी घातलं आणि भरलेली परात वृंदावनात रिकामी केली. दुसऱ्यांदाही केली. तिसरं पाणी नितळ निघालं.

"कडी लावू?" सोमलीनं विचारलं.

"राहू दे," रस्त्यावरची नजर न काढता गोदूबाई म्हणाली. "हे आले तर ह्यांना दार वाजवाया नको."