थेंब थेंब राहू द्या

दुपारचे साडेबारा वाजले होते आणि मैदानातल्या पांढऱ्या गाडीत सत्तावीस माणसं छताकडे तोंड करून गात होती. गाडी कसली, चालतंफिरतं घरच ते: आत पलंग, शेगडी, बेसिन आणि छतावर एसी. पलंग, शेगडी गगनबाबांच्या सोयीसाठी. एसी मात्र जगाच्या कल्याणासाठी. दार बंद, खिडक्या बंद. विसाव्या मिनिटाला छताच्या जाळीतून पहिला थेंब बाबांच्या ओंजळीत पडला आणि पुढच्या रांगेने डोळे पुसले.

"ना ढग, ना नळ," बाबा म्हणाले. "तुमची भक्ती वर जाते, तिथे थंड होते आणि गगनजल होऊन खाली येते. मी एकटा असतो तेव्हा एक थेंब पडत नाही. मी कोण? मी नुसती ओंजळ."

त्या ओंजळीतले थेंब डोळ्यांत घालून घ्यायला मान वर करून सगळ्यात आधी बसायची ती थोरली. थोरली शिवणकाम करायची. तिला काचबिंदू होता, आणि डॉक्टरांनी रोज दोन वेळा, जन्मभर घालायचे थेंब दिले होते. बाबांनी सांगितलं की औषध आणि गगनजल एका डोळ्यात नांदत नाहीत. नांदवायचं कोणाला हे थोरलीने लगेच ठरवलं आणि औषधाची बाटली कचऱ्यात गेली. त्याला आता चार महिने होत आले होते.

गाडीच्या दाराशी तिची धाकटी बहीण हाताची घडी घालून उभी असायची. धाकटीचं फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान होतं. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडून गुपचूप खात जातो आणि खाल्लेली परत देत नाही, एवढं तिने डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं होतं. तिला भीती वाटत होती आणि भीती वाटली की तिची जीभ जास्तच तिखट व्हायची.

"ताई, एसीचं पाणी आत गळलं तर आमच्या दुकानात त्याला बिघाड म्हणतात."

"तुला मेलीला सगळीकडे बिघाडच दिसतो."

"मला दिसतो तरी. तुला उद्या तोही दिसायचा नाही."

हे थोरलीला लागलं. तिने आठ दिवस अबोला धरला आणि गाडीत मात्र दिवसातून दोनदा जाऊ लागली.

नवव्या दिवशी सकाळी बाबांचा सेवक धाकटीच्या दुकानात आला. बराच वेळ तो एका जुन्या फ्रिजकडे भक्तिभावाने पाहत राहिला.

"एसी बघायला याल? पाणी फार येतंय. काल बाबांच्या गादीवर धार लागली."

"गगनजलाची धार? मग आनंदच आहे की."

"बाबांना सर्दी झालीय," सेवक खालच्या आवाजात म्हणाला.

"बरं. गळती पूर्ण बंद करून देते."

"नको नको, पूर्ण नको," तो घाईने म्हणाला. "थेंब थेंब राहू द्या."

एकोणीस वर्षांत असं गिऱ्हाईक तिला भेटलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतंच. आता मुरवणारा स्वतः पत्ता द्यायला आला होता.

भक्त यायच्या आत या, असं सेवकाने बजावलं होतं, म्हणून ती बरोबर भक्तांबरोबर पोचली. शिडी लावून छतावर चढली, एसीचं झाकण उघडलं. आत पाणी साचायचा ट्रे होता आणि त्या पाण्याला छतावरून बाहेर वाहून जायला दोन भोकं. एकात मेणात बुडवलेली चिंधी व्यवस्थित ठासलेली. दुसरं अर्धंच बुजवलेलं, म्हणजे थोडं पाणी बाहेर, थोडं भक्तांना. त्या अर्ध्यात आता एक मेलेला पतंग आणि शेवाळ अडकलं होतं. बाबांचा हिशोब पतंगाने बिघडवला होता.

ती खाली उतरली. गळती शोधायला ती कपड्यांची नीळ वापरायची, ती बाटली तिने सगळ्यांना दाखवली.

"बाबा, ही मी छतावरच्या ट्रेमध्ये ओतते. गगनजल गगनातून येत असेल तर ते निळं व्हायचं काही कारण नाही. ओतू?"

सगळे डोळे बाबांकडे वळले. नाही म्हणायची सोय उरली नाही. "ओत बाळ," बाबा म्हणाले आणि शिंकले.

दोन मिनिटांत बाबांच्या शुभ्र कपड्यांवर निळी धार लागली.

पण बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "आकाशाचा रंग कोणता?" त्यांनी गंभीरपणे विचारलं, आणि निम्म्या लोकांनी हात जोडले.

धाकटी पुन्हा वर गेली. चिंध्या ओढून काढल्या, पतंग काढला. "आता गा," ती वरून ओरडली.

लोक अर्धा तास जीव तोडून गायले. आत टिपूस पडला नाही. बाहेर, मागच्या चाकाशी, छतावरून निळसर पाणी मुकाट्याने मातीत ठिबकत होतं.

"कोणाच्या तरी मनात शंका आहे," बाबा म्हणाले.

"माझ्या मनात आहे," दारातून धाकटी म्हणाली. "पण ती कालही होती, आणि काल तर धार लागली होती." तिने नीळ ओतण्याआधी ट्रेमधून काढून ठेवलेलं पाणी वाटीत धरलं होतं: तपकिरी, बुळबुळीत. "थंड पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो ना? तेच हे. बंद गाडीत तुम्ही गाता, घामाघूम होता, श्वास सोडता. ती वाफ वरच्या थंड नळ्यांवर पाणी होते. बाबा एकटे असले की थेंब पडत नाही, कारण एकट्याचा श्वास पुरत नाही. ते जवळजवळ खरंच बोलत होते, फक्त श्वासाला भक्ती म्हणत होते."

"म्हणजे आम्ही इतके दिवस..." भक्तांतल्या एका पोस्टातल्या कारकुनाने घसा खाकरला.

"एकमेकांचा घाम. वर्षभराच्या धुळीतून गाळलेला. डोळ्यांत धूळ फेकणं नुसतं बोलण्यात ऐकलं होतं मी. आज वाटीत बघितलं."

मग ती थोरलीसमोर बसली. आवाज एकदम उतरला होता. "ताई, घाल. तुझी श्रद्धा असेल तर आत्ता माझ्यासमोर घाल."

थोरलीने वाटीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ रुमालाला पुसत राहिली. "दवाखाना किती वाजता बंद होतो गं?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी तपासलं. उरलेली नजर औषधाने टिकवता येईल, म्हणाले. डाव्या डोळ्याची कड गेली, ती गेली. थोरली आजही शिवते, पण डावीकडची कात्री शोधायला तिला पूर्ण मान वळवावी लागते. तिने मान वळवली की धाकटी दुसरीकडे बघते.

गाडी दोन दिवसांत मैदानातून निघून गेली. सेवकाने जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्त्या घेतल्या. म्हणजे आता ती दुसऱ्या कुठल्या मैदानात उभी असेल. तुमच्याकडे आली आणि छतातून थेंब पडू लागले, तर आधी शिडी लावा, वर चढा, झाकण उघडून बघा. हात नंतरही जोडता येतात. गेलेली नजर जोडता येत नाही.