सात नंबरच्या दोन पेट्या

डॉक्टर म्हणाले, "उज्ज्वलाताई, बीपी वाढलंय. ताण घेऊ नका." मी म्हटलं, "अहो, मी कुठं घेते? लोक देतात!" ते हसले. मला काही हसू आलं नाही.

पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरणाऱ्या चाळीस बायकांवर मी सुपरवायझर. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा योगेश पुण्यात. घरी बोलायला कुणी नाही, त्यामुळे माझं सगळं बोलणं कामावरच होतं. आणि खरं सांगायचं तर ते बहुतेक ओरडणंच असतं.

परवा कोल्ड स्टोरेजमधून दोन पेट्या परत आल्या. द्राक्षाच्या मण्यावर पांढरट थर असतो, तो पुसला की माल गेलाच म्हणायचा. म्हणून घड देठाला धरून भरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. या पेट्यांत मण्यामण्यावर बोटं उमटलेली. आतली चिठ्ठी सात नंबरच्या टेबलाची. तिथं तृप्ती बसते, पेठ तालुक्याकडची, वीस-बावीसची, सगळ्यांत सफाईदार हाताची.

"काय गं ए, द्राक्षं भरत होतीस की कणीक मळत होतीस?" मी सगळ्यांसमोर सुरू झाले.

"ताई, या पेट्या मी नाय भरल्या."

"मग काय भुतानं भरल्या?"

बोलता बोलताच मला आठवलं. आदल्या दिवशी दुपारी तृप्तीला चक्कर आली, म्हणून तिला बाहेर बसवून तिच्या जागी मीच बसले होते. नुकताच योगेशचा फोन येऊन गेला होता. महाशिवरात्रीलाही त्याला यायला जमणार नव्हतं. "बरं" म्हणाले, आणि दात-ओठ खात घड कोंबत बसले.

आठवलं, तरी मी थांबले नाही. सांगायची लाज वाटते, पण उलट आवाज आणखी चढवला. "चल, ऊठ. उद्यापासून येऊ नकोस." तिनं डोक्यावरची टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि निमूट गेली.

मी ऑफिसात जाऊन घटाघटा पाणी प्यायले. हे सगळं योगेशमुळे झालं, असं मनाशी म्हणून पाहिलं. पण योगेशनं काही घड दाबले नव्हते, आणि तृप्तीला हाकलूनही त्यानं दिलं नव्हतं. पोरीचं काम गेलं होतं ते माझ्यामुळे.

सगळ्यांसमोर बोलले होते, तेव्हा सगळ्यांसमोरच सांगायला हवं होतं. परत आत गेले आणि म्हणाले, "त्या पेट्या मी भरल्या होत्या. चूक माझी." कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही. टोळीची मुकादम भागीबाई एवढंच म्हणाली, "मंग आणा तिला."

तृप्ती हायवेवरच्या स्टॉपवर पिशवी घेऊन बसली होती. मी गाडी लावली. "तृप्ती, चूक माझी होती. आणि तुला ओरडताना ते मला माहीत होतं."

"आमाला समद्यांनाच माहीत होतं, ताई. तुमाला बसलेलं सगळ्यांनी बघितलं होतं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"भागीमावशीनं सांगून ठेवलंय. ताईला घरी कोण नाय. चिडून आली, तर जिची पाळी तिनं ऐकून घ्यायचं. उलट बोलायचं नाय."

बाई गं! सहा वर्षं मला वाटत होतं, बायका मला घाबरतात. त्या माझी कीव करत होत्या, पाळ्या लावून. मला तिथं उभंही राहवेना.

"चल परत," मी कसंबसं म्हणाले.

"येते. पण आता मी उलट बोलणार."

"बोल."

आज सकाळी उठल्यापासून डोकं तापलेलं होतं. कारण काही नाही, काल कुणाचा फोन आला नव्हता एवढंच. पॅकहाउसच्या दारातच मी थांबले आणि भागीबाईला म्हटलं, "आज माझं डोकं ठिकाणावर नाही. तुमचा कुणाचा दोष नाही. दहा मिनिटं बाहेर बसते, मग येते."

रिकाम्या क्रेटवर बसले. थोड्या वेळानं आत कुणीतरी काहीतरी बोललं आणि चाळीसच्या चाळीस जणी खदाखदा हसल्या. मी आत असताना त्या अशा कधी हसल्या नव्हत्या. दहाची वीस मिनिटं झाली, तरी मी आत गेले नाही.