माझ्या पडद्यावरचा प्रश्न

मी एक जुने कार्ड मशीन आहे. जुने म्हणताना माझे मलाच हसू येते, कारण मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण माझ्याहून वयाने मोठे असतील. पण आमच्या जातीला म्हातारपण लवकर येते. माझ्या बटणांवरचे आकडे पुसट झाले आहेत, चार्जरची पिन आत जाताना कुरकुरते, आणि पावतीचा कागद मी आता सरळ सोडत नाही, तिरपा सोडते. अंबरनाथ पूर्वेला, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘उन्नती हॉटेल’ आहे. त्याच्या गल्ल्याच्या खणात, रबरबँड आणि बिनकुलपाच्या चाव्यांच्या सोबतीने, मी सध्या राहते.

माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. आठवते ते थेट हॉटेलच्या टेबलावर खोके उघडल्याचे. बँकेच्या माणसाने मला बाहेर काढले आणि मालक जयदेवशेठ भोईर दोन पावले मागे सरकले.

“चावत नाय ना?” त्यांनी विचारले.

पहिले काही दिवस त्यांनी मला एका बोटानेच हात लावला. पुढे मात्र लळा लागला. उल्हासनगरच्या बाजारातून त्यांनी माझ्यासाठी रेक्झिनचे कव्हर आणले. दसऱ्याला कोयता, वजनकाटा आणि भाताचे मोठे पातेले यांच्या ओळीत मलाही मांडले, कुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. त्या फुलाची एक पाकळी माझ्या कागदाच्या फटीत अडकली, ती दिवाळीपर्यंत तिथेच होती. तेवढा मान मला नंतर कधी मिळाला नाही.

त्या हॉटेलात मासळीची थाळी मिळते आणि ती वाढायला बुवापाड्याचा जनू असतो. हॉटेलवर पत्र्याचे छप्पर होते तेव्हापासून तो आहे. त्याची एक रीत होती. जेवण झाले की तो बडीशेपेच्या बशीत बिल ठेवायचा आणि तिथे थांबायचा नाही. दूरच्या टेबलावरचे पाण्याचे जग भरायला जायचा, भरलेले असले तरी. गिऱ्हाईक उठून गेले की मगच बशी उचलायची. कुणी बडीशेपेखाली नोट ठेवलेली असे, कुणी नुसती बडीशेप खाऊन गेलेले असे. जनूची चाल दोन्ही वेळा सारखीच.

गेल्या वर्षी जयदेवशेठ गेले. दुखणे मोठे होते असे कुणाला वाटले नव्हते. दिवसकार्य झाल्यावर शटर वर गेले, तेव्हा गल्ल्यावर त्यांची मुलगी येऊन बसली. जिच्या नावाचे हॉटेल, ती उन्नती. ठाण्यातली नोकरी तिने सोडली होती. वडिलांची खुर्ची तिला उंच होत होती, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. पण तिने ती बदलली नाही.

उन्नतीच्या लक्षात एक गोष्ट लवकर आली. लोक आता कार्डाने नाहीतर मोबाईलने पैसे देत होते आणि बशीत नुसती बडीशेप उरत होती. वाढपी आपसात कुरकुरत होते. तिला वाईट वाटले. म्हणून तिने बँकेला सांगून माझ्या पडद्यावर एक प्रश्न घालून घेतला. बिलाची रक्कम दाबली की मी विचारायचे, टिप द्यायची का? खाली तीन मोठी बटणे उमटायची: दहा टक्के, पंधरा टक्के, वीस टक्के. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरांत, ‘नको’.

मित्रांनो, माणसांची इतकी रूपे मी त्या आधी पाहिली नव्हती. कुणी दुसऱ्या हाताचा आडोसा करून ‘नको’ दाबायचे, जणू पिनच टाकत आहेत. बरोबर नवी ओळख झालेली मुलगी असली की एखादा तरुण न वाचताच वीस दाबायचा आणि मग पावतीकडे बघत राहायचा. कंपनीतली पोरे एकमेकांना चिडवायची. “दाब ना वीस, भाई! प्रमोशन कुणाचं झालंय?” “पार्टी माझी, टिप तुमची. वर्गणी काढा!” उल्हासनगरचे एक कापडवाले शेठ मला हातात धरून म्हणाले, “भाव तो मेनू में लिखा है ना साईं? फिर ये ऊपर का क्या पूछता है?” बदलापूरच्या एक बाई ‘नको’ दाबून गेल्या, आणि पायऱ्या उतरून परत वर येऊन जनूच्या हातात गुपचूप नोट ठेवून गेल्या. “मशीनला नाही हो सांगायचं होतं मला,” एवढेच त्या म्हणाल्या.

पण खरी अडचण जनूची झाली. बशी ठेवून निघून जाता येत होते. मला ठेवून जाता येत नव्हते. मला धरून समोर उभे राहणे भाग होते. मग तो मला गिऱ्हाईकापुढे करायचा आणि मान वळवून भिंतीकडे बघत राहायचा. लोकांना वाटायचे, हा रुसला. एकाने मोबाईलवर हॉटेलला एकच तारा दिला आणि लिहिले, ‘टिप नाकारली की इथला वेटर तोंड फिरवतो.’

उन्नतीने ते जनूला वाचून दाखवले.

“मी तं काय बोल्लोच नाय,” जनू म्हणाला.

“बोलला नाहीत, जनूकाका. तोंड फिरवलंत.”

“मंग काय त्यांचे बोटाकरं बगू?”

“बघा ना. हसून बघा. बाबा गेल्यापासून गिऱ्हाईक आधीच कमी झालंय. असं कुणी लिहिलं तर मी हॉटेल कसं टिकवू?” तिचा आवाज जरा चढला होता. मग खाली आला. “या रविवारी बघू. नाही जमलं तर सोमवारपासून तुम्ही आत, मासळी साफ करायला बसा. बाहेरचं तो नवा वाढपी, आकाश, बघेल.”

खांद्यावरचे फडके जनूने काढले, झटकले आणि परत खांद्यावर टाकले. बाहेरची टेबले म्हणजे त्याचे सारे आयुष्य होते. कोण तिखट खात नाही, कोणाला काटा काढून मासा लागतो, हे त्याला आत बसून कुणी विचारणार नव्हते.

रविवारी दुपारी कर्णिकसाहेब आले. ते ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, शेठच्या वेळचे गिऱ्हाईक. सुरमईची थाळी झाली, सोलकढी झाली, आणि जनू मला घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. गल्ल्यावरून उन्नती बघत होती. जनूने या खेपेला मान वळवली नाही. डोळे साहेबांच्या बोटावर रोखले आणि सगळे दात दाखवले. माझ्या अंगाला त्याच्या हाताचा घाम लागत होता.

साहेबांचे बोट वरच थांबले.

“जनू, दाढ दुखतेय का?”

“नाय सायेब.”

“मग असा काय बघतोयस?”

“हसतोय,” जनू म्हणाला. “हसून बगाचा सांगितलाय.”

कर्णिकसाहेबांनी मला टेबलावर ठेवले. “उन्नती, इकडे ये जरा. ह्याला माझ्या बोटावर पहाऱ्याला तू उभा केलास?”

“पहारा नाही हो, काका. ते मान फिरवतात. लोकांना वाटतं, कमी दिलं म्हणून चिडले.”

“अगं, तो मान फिरवतो ती आमची लाज राखायला. मुलीचं लग्न काढलं त्या वर्षी मी इथे जेवायचो आणि मागे काही ठेवू शकायचो नाही. ह्याने कधी कळू दिलं नाही, की ते त्याला कळतंय.”

उन्नती जनूकडे वळली. “मग मला का नाही सांगितलंत?”

“तुला ठाव असल असा वाटला, बाय,” जनू म्हणाला. “तुझे बापाचीच शिकवन हाय. मी नवा व्हतो. एक गिऱ्हाईक खिसं चाचपत व्हता नि मी बगत उभा. शेठनी मना मोरीकरं नेला. बोल्ले, जनू, मानूस जेवून उठला का त्याचे हाताकरं बगाचा नाय. भितीवरचा गनपती बग.”

भिंतीवर त्या गणपतीच्या खाली आता जयदेवशेठचाही फोटो आहे, चंदनाच्या हारातला. उन्नतीने तिकडे पाहिले. मग तिने मला उचलले आणि कर्णिकसाहेबांच्या देखत स्वतःच ‘नको’ दाबले. माझ्या साऱ्या नोकरीत तेवढे एक ‘नको’ कुणी न लाजता दाबले.

साहेब गेले. हॉटेल रिकामे झाले. उन्नतीने जनूसाठी खुर्ची ओढली.

“बसा. बाबा अजून काय काय शिकवायचे, ते सांगा मला.”

“लय हाय सांगाला,” जनू म्हणाला. “पन गिऱ्हाईकाचे खुर्चीत बसाचा नाय, ही पन त्यांचीच शिकवन.”

“मग मीही उभी राहते,” ती म्हणाली.

दोघे टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून संध्याकाळपर्यंत बोलत होते. सोमवारी मासळी साफ करायला जनू आत गेला नाही. दुपारी बँकेला फोन झाला आणि माझा प्रश्न निघाला. उन्नतीने थाळीचा दर थोडा वाढवून वाढप्यांचे पगार वाढवले आणि तसे फळ्यावर लिहिले. दोघातिघांनी नाक मुरडले, पण जेवायला आले. पुढे रक्कम मोठ्याने ओरडून सांगणारे नवे मशीन आले आणि मी खणात गेले. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मित्रांनो, जेवू घालणाऱ्याला वर काही द्यायचे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. देऊ शकला नाहीत तर बोट लपवू नका, त्याच्याशी दोन शब्द बोला. आणि एक मागणे आहे. तुमच्या घरात, दुकानात एखादे जुने माणूस असेल आणि त्याची एखादी सवय तुम्हाला विचित्र वाटत असेल, तर ती मोडण्याआधी त्याला विचारा, ही तुम्हाला कोणी शिकवली. उत्तर देणारे समोर आहे तोवरच विचारा.